आधी नमस्कार कुणी करायचा?

२८ जुलै १७७९ रोजी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलपुढे एक चमत्कारिक प्रकरण निकालासाठी आले. भांडण जकातीचे नव्हते, कापसाचे नव्हते, गलबतांचेही नव्हते. मुंबईतले सोनार अभिवादन करताना 'नमस्कार' करू लागले होते आणि ब्राह्मणांचे म्हणणे होते की, हा अधिकार सोनारांना नाही, त्यांनी तो बजावला तर धर्म भ्रष्ट होतो. तक्रारी वारंवार आल्या होत्या. खुद्द पेशव्यांकडूनही बंदीची मागणी करणारी पत्रे अनेकदा येऊन गेली होती. कौन्सिलने सोनारांना नमस्काराची मनाई केली आणि ठरावात एक गोष्ट मोकळेपणाने लिहूनही ठेवली: या प्रकरणात कंपनीचे हित कुठेच गुंतलेले नाही, तेव्हा हा निर्णय पेशव्यांचा मान म्हणून घेतला असे त्यांना कळवावे. ९ ऑगस्टला सोनारांच्या जातप्रमुखाच्या नावे सचिवाच्या सहीचा हुकूम निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मराठी फौजांनी वडगावला कंपनीच्या सैन्याची कोंडी करून त्याला तह करायला लावले होते. पेशवे सवाई माधवराव अवघे पाच वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. अशा दिवसांत फुकटात देता येईल असा मान कंपनीला सापडला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या बंदीचा उल्लेख केला आहे. दोन हात जोडण्यासारख्या साध्या कृतीसाठी दोन सत्तांमध्ये पत्रव्यवहार झाला, ही गोष्ट त्यांना क्षुल्लक वाटली नाही, हे विशेष.

आपल्याला मात्र ती क्षुल्लक वाटू शकते, कारण अभिवादनाचा समावेश आपण सभ्यतेच्या, वळणाच्या, 'मुलांना चांगले शिकवले आहे हो' या खात्यात करून टाकलेला असतो. परदेशी जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत त्याच्या याद्या असतात. जपानात कमरेतून वाकावे, फ्रान्समध्ये गालाला गाल लावावा, न्यूझीलंडच्या माओरींकडे नाक आणि कपाळ टेकवावे, थायलंडमध्ये हात जोडावेत. याद्या खोट्या नाहीत, पण 'जग किती तऱ्हेचे!' यापलीकडे त्या वाचून हाती फारसे लागत नाही. अभिवादनाकडे निराळ्या बाजूने पाहायला हवे, असे मला वाटते. भेटीच्या पहिल्या दोन क्षणांत, बहुधा चारचौघांदेखत, माणसे आपल्या नात्याचे निवेदन करतात: तुम्ही कोण, मी कोण आणि आपल्यात अंतर किती. ते हाताने करायचे, मानेने की नाकाने, हा तपशील दुय्यम आहे. आधी कुणी करायचे, कुणी किती वाकायचे, कुणी उत्तर दिले नाही तरी चालते आणि कुणाला कुणाला स्पर्श करता येतो, एवढे कळले की त्या समाजाची उतरंड बरीचशी कळते.

हे निरीक्षण नवे नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने इराणी लोकांविषयी लिहिताना नेमके हेच टिपले. रस्त्यात भेटलेली दोन माणसे बरोबरीची आहेत का, हे त्यांच्या अभिवादनावरून ओळखता येते, असे तो सांगतो. बरोबरीचे असतील तर ओठांचे चुंबन घेतात, एक थोडा खालचा असेल तर गालाचे, आणि फारच खालचा असेल तर तो वरच्यापुढे लोटांगण घालतो. पुढे अलेक्झांडरने इराण जिंकल्यावर हे लोटांगण आपल्या ग्रीक आणि मॅसिडोनियन सरदारांकडूनही घडावे, अशी इच्छा धरली, तेव्हा दरबारात मोठा तणाव झाला. ग्रीकांच्या लेखी असे लोटांगण देवापुढे घालायचे, माणसापुढे नव्हे. इतिहासकार कॅलिस्थेनिसने त्याला उघड विरोध केला आणि तो राजाच्या मनातून उतरला. थायलंडमधला 'वाय' हा हात जोडण्याचा प्रकारही आपल्याला घरचा वाटतो, पण त्यात हात किती उंच न्यायचे हे समोरच्याच्या मानावर ठरते, धाकट्याने आधी करायचा असतो, आणि बौद्ध भिक्षू सामान्य माणसाचा वाय परत करत नाही. भिक्षूने उत्तर दिले नाही म्हणून त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. उत्तर न देण्याची मुभा असणे हीच त्याची उंची.

सेनेगलमधल्या वोलोफ लोकांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे आणि ते थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. ज्युडिथ अर्व्हाइन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ विदुषीने वोलोफ अभिवादनावर १९७४ साली एक निबंध लिहिला. वोलोफ समाजात सरदार, कारागीर, भाट अशा जन्माने ठरणाऱ्या पायऱ्या होत्या. दोन माणसे भेटली की विचारपूस होणारच: घरचे कसे, मुलेबाळे कशी, सगळे ठीक ना? ही विचारपूस लांबलचक चालते, आणि ती सुरू करायची कुणी, तर खालच्या पायरीवरच्याने. तो पुढे येतो, तो प्रश्न विचारतो, तो भरभर आणि मोठ्याने बोलतो. वरचा माणूस जागेवर राहतो, हळू आणि थोडकेच बोलतो. म्हणजे बोलण्याची सुरुवात ज्याने केली त्याने आपले स्थान जाहीर केले. आता गंमत अशी की, वरचे स्थान नेहमीच हवेसे नसते. वरच्याने खालच्याला मदत करायची असते, पैसे मागितले तर द्यायचे असतात. म्हणून कुणी मुद्दाम घाईघाईने आधी अभिवादन करून स्वतःला खाली घेतो, आणि समोरच्याला देणेकऱ्याच्या जागी बसवतो. समोरचाही काही भोळा नसतो, तो ही चाल ओळखून आपणच आधी बोलायला धावतो. नम्रता ही कधीकधी वसुलीची पहिली पायरी असते, हे कळायला सेनेगलला जाण्याची गरज नाही. निवडणुकीच्या मोसमात आपल्याकडे कोण कुणाच्या पाया पडते, एवढे पाहिले तरी पुरे.

महाराष्ट्रातल्या लग्नातही हा हिशेब उघडा पडतो. वयाने मोठ्याच्या पाया पडावे, हा नियम आपण इतका गृहीत धरतो की मान वयाला आहे असेच आपल्याला वाटते. पण अनेक घरांतल्या पारंपरिक विवाहविधीत मुलीचे आईवडील आपल्या मुलाच्या वयाच्या नवरदेवाचे पाय धुतात. तिथे वय बाजूला राहते, वरपक्ष आणि वधूपक्ष एवढेच उरते. विधी चालवणारे सांगतात की, त्या क्षणी वर हा विष्णुस्वरूप असतो. असेल. पण मग वधूला लक्ष्मी म्हणून तिचे पाय वराच्या आईवडिलांनी धुण्याचा प्रघात त्याच मांडवात का पडला नाही, याचे उत्तर धर्मशास्त्रापेक्षा नात्यांच्या उतरंडीत शोधावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहारवाद्यांचा. त्यांच्या मते प्रत्येक रीतीमागे काहीतरी उपयोगाचे कारण असते. हस्तांदोलन सुरू झाले, कारण उजव्या हातात शस्त्र नाही हे दाखवायचे होते. नमस्कार आला, कारण स्पर्श टाळल्याने रोग पसरत नाहीत. शस्त्राची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती इतिहास वाटू लागते. पण प्राचीन अथेन्समधल्या थडग्यांवरच्या शिल्पांत पाहिले तर हातात हात दिलेली माणसे कोण आहेत? नवरा-बायको, आई-मुलगी, मेलेला आणि मागे राहिलेला. त्यांना एकमेकांच्या तलवारीची धास्ती असण्याचे कारण नाही. तिथे हातात हात म्हणजे न तुटणारे नाते. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या एका असिरियन शिल्पात राजा तिसरा शाल्मनेसर आणि बाबिलोनचा राजा हातात हात देऊन उभे आहेत, तेही दोघे समोरासमोर, एकाच उंचीवर. शिल्पकाराला दोन राजांचे सख्य आणि त्यांची बरोबरी दाखवायची होती, आणि ती त्याने हातांतून दाखवली.

रोगांची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे, कारण करोनाने ती ताजी केली. मार्च २०२० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ यांनी स्पेनच्या राजाराणीचे स्वागत हात जोडून केले, तेव्हा आपल्याकडे आनंदाची लाट आली. पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते, असे सांगणारे संदेश फिरले. स्पर्श टाळला तर संसर्ग कमी होतो, यात वाद नाही. पण एखाद्या रीतीचा आज दिसणारा फायदा म्हणजे तिच्या जन्माचे कारण, असे होत नाही. नमस्काराची परंपरा जंतूंना टाळण्यासाठी असती तर १७७९ साली तो सोनारांना नाकारण्याऐवजी सगळ्यांना सक्तीचा केला असता. उलट, ज्या समाजात स्पर्श टाळण्याचे नियम सर्वांत कडक होते, तिथे ते माणसांची प्रतवारी करूनच लावलेले होते, तापाखोकल्याची चौकशी करून नव्हे. रोमन काळातली एक हकिकत या संदर्भात फार मार्मिक आहे. सम्राट टायबेरियसच्या काळात रोममध्ये हनुवटीपासून सुरू होणारा एक ओंगळ त्वचारोग पसरला. थोरल्या प्लिनीने नोंदवले आहे की, तो स्त्रियांना, गुलामांना किंवा सामान्य लोकांना झाला नाही. झाला तो उमरावांना, कारण उमराव एकमेकांना भेटताना चुंबन घेत. रोगसुद्धा अभिवादनाच्या वर्तुळाबाहेर गेला नाही. रोजच्या चुंबनांवर टायबेरियसने बंदी घातल्याचे स्युटोनियस सांगतो. पण तो काळ सरला तरी रोमन प्रतिष्ठितांची चुंबने थांबली नाहीत. मार्शल हा कवी त्यांवर वैतागून लिहीतच राहिला. वर्तुळात असण्याची किंमत म्हणून माणसे बरेच काही सोसतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अभिवादन उतरंडच दाखवत असेल, तर ज्या अभिवादनांत दोघे सारखेच वागतात त्यांचे काय? दोघेही हात पुढे करतात, दोघेही 'हॅलो' म्हणतात. बरोबर आहे. पण ही सारखेपणाची अभिवादने आपोआप उगवलेली नाहीत, ती बहुतेक ठिकाणी भांडून मिळवलेली आहेत. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वरिष्ठापुढे टोपी काढणे आणि त्याला आदरार्थी बहुवचनाने संबोधणे सक्तीचे होते. जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेल्या क्वेकर पंथीयांनी दोन्ही नाकारले. टोपी फक्त देवापुढे, आणि एकवचन सगळ्यांना सारखेच, न्यायाधीशालाही. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोघा क्वेकरांवर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. ते आत आले तेव्हा कुणीतरी त्यांच्या टोप्या काढून घेतल्या होत्या. न्यायासनाने त्या परत त्यांच्या डोक्यावर ठेवायला लावल्या आणि मग टोप्या न काढल्याबद्दल दोघांना चाळीस-चाळीस मार्कांचा दंड केला! ज्यूरीने मूळ आरोपातून त्यांना सोडले, ज्यूरीला उपाशी कोंडून ठेवूनही. तो वेगळा आणि प्रसिद्ध इतिहास आहे. आपल्यापुरते महत्त्वाचे एवढेच की, टोपीखाली काय दडले आहे हे न्यायाधीशांनाही पक्के ठाऊक होते. क्वेकरांनी वाकण्याऐवजी एकमेकांना हात देण्याची रीत धरली, आणि हस्तांदोलनाच्या आधुनिक प्रसाराचे काही श्रेय त्यांना दिले जाते.

स्वीडनची गोष्ट याहून सौम्य आहे. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनोळखी किंवा वरिष्ठ माणसाशी बोलताना त्याला सर्वनामाने हाक मारणे अडचणीचे होते. जवळिकीचे 'दू' वापरले तर सलगी, 'नी' वापरले तर समोरच्याला बिनपदवीचा समजल्यासारखे. म्हणून त्याच्या पदाने, तेही तृतीय पुरुषात बोलायचे: डॉक्टरसाहेब कॉफी घेतील का? पद ठाऊक नसेल तर वाक्यच असे वळवायचे की कर्ता दिसू नये. मराठी माणसाला ही कसरत शिकवावी लागत नाही. समोरच्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही' हे ठरत नसले की आपणही 'कधी येणं झालं?', 'जेवण झालं का?' असे विचारतो आणि कर्त्याला वाक्याबाहेर काढून सुटका करून घेतो. १९६७ साली ब्रूर रेक्सेड हे स्वीडनच्या आरोग्य प्रशासनाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केले की, आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार, त्यांच्या नावाने हाक मारणार. काही वर्षांत सारा देश 'दू'वर आला. एका अधिकाऱ्याच्या भाषणाने भाषा बदलत नाही हे उघडच आहे. त्याआधी काही दशके तिथे पगारांतली आणि शिक्षणातली दरी कमी होत आली होती. नाते बदलले होते, संबोधन मागे राहिले होते. ते एका झटक्यात पुढे आले.

आपल्याकडे हीच प्रक्रिया जास्त वेदनेतून गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींनी गावातल्या वरच्या जातींना 'जोहार' घालायचा, अशी महाराष्ट्रात रीत होती. त्यात शब्दाइतकेच अंतर महत्त्वाचे होते, आणि कोण कुणाला घालतो याची दिशाही कायमची ठरलेली होती. आंबेडकरी चळवळीने मेलेली जनावरे ओढणे सोडले, उष्टे अन्न सोडले, तसा जोहारही सोडला. त्या जागी 'जय भीम' आले. त्याचे जनक म्हणून कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांचे नाव घेतले जाते. या नव्या अभिवादनाची मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची रचना: एकाने 'जय भीम' म्हटले की दुसराही 'जय भीम'च म्हणतो. वरचा आणि खालचा असे दोन निरनिराळे पाठ त्यात नाहीत. आधी कुणी म्हणायचे याचाही नियम नाही. आणि म्हणूनच गावगाड्यात ते काहींना टोचले, आजही कुठे कुठे टोचते. जोहाराच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: झारखंडपासून आपल्या पालघरपर्यंत अनेक आदिवासी समाजांत 'जोहार' हेच अभिमानाचे, परस्परांचे अभिवादन आहे. गावगाड्यातला तो एका दिशेचा होता, आदिवासी पाड्यावरचा दोन्ही दिशांचा आहे.

वारकऱ्यांनी दिशेचा हा प्रश्न फार पूर्वी आपल्या पद्धतीने सोडवला होता. वारीत दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा तरुणाच्या पाया पडतो, तरुण म्हाताऱ्याच्या, आणि दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणतात. वाकणे रद्द न करता ते दोन्हीकडून घडवले की उतरंड उरत नाही, ही युक्ती क्वेकरांच्या टोपीपेक्षा मला अधिक देखणी वाटते. पण इथेच माझ्या प्रतिपादनाची मर्यादाही दिसते. ज्या विठ्ठलाच्या वाटेवर ही रीत रुजली, त्याच्या पंढरपूरच्या देवळाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्तांसाठी १९४७ साली उघडले, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. वाटेवरचे अभिवादन देवळाच्या दारापर्यंत पोहोचायला काही शतके गेली. म्हणजे अभिवादन नाते जाहीर करते, पण ते निर्माण करतेच असे नाही.

चीनच्या दरबारातले प्रसंग हेच सांगतात. १७९३ साली ब्रिटिश वकील लॉर्ड मॅकार्टनी छ्यन्लुंग सम्राटाच्या भेटीला गेला. तीन वेळा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावण्याचा दरबारी रिवाज त्याने मानला नाही, एकच गुडघा टेकला. व्यापाराच्या त्याच्या मागण्या नाकारल्या गेल्या आणि गुडघ्याचे हे प्रकरण युरोपात गाजले. पण त्यानंतर लगेच, १७९५ मध्ये, आयझॅक टिट्सिंगचे डच शिष्टमंडळ बीजिंगला पोहोचले. त्यांनी सांगितले तेवढ्या वेळा कपाळ टेकले, आणि व्यापारात त्यांच्याही हाती काहीच पडले नाही. १८१६ साली लॉर्ड ॲम्हर्स्टने कपाळ टेकायला नकार दिला, त्याला भेटही न देता परत पाठवले. चीनला या व्यापाराची गरज वाटत नव्हती. कपाळ टेकल्याने किंवा न टेकल्याने ती निर्माण होणार नव्हती. आग्र्याच्या दरबारात १६६६ साली शिवाजी महाराजांचा राग मुजऱ्यावर नव्हता, आपल्याला कुणाच्या मागे उभे केले यावर होता, हेही इथे आठवावे. उभे राहण्याची जागा बादशहाच्या मनातले नाते उघड करत होती, आणि महाराजांनी ते अचूक वाचले.

मग निव्वळ जाहीर करण्याला एवढे महत्त्व का? कारण जाहीर केलेली गोष्ट मोजता येते. १९३३ साली नाझी राजवटीने सरकारी नोकरांना 'हाइल हिटलर' हे अभिवादन सक्तीचे केले. मनात काय आहे हे कुठल्याही राजवटीला कळत नाही, पण सकाळी कचेरीत शिरताना कुणाचा हात वर गेला नाही, हे शेजारच्या टेबलावरच्यालाही दिसते. साध्या 'सुप्रभात'ची जागा त्या हाताने घेतली आणि रोजची प्रत्येक भेट निष्ठेची चाचणी झाली. लोकशाही देशांनाही हा मोह सुटत नाही, अर्थात फार सौम्य रूपात. डेन्मार्कने २०१८च्या अखेरीस कायदा केला की, नागरिकत्व घेणाऱ्याने समारंभात अधिकाऱ्याशी हस्तांदोलन केलेच पाहिजे, तेही हातमोज्याविना. परक्या स्त्री-पुरुषाला स्पर्श न करणाऱ्या धार्मिक मुसलमानांवर याचा रोख होता, हे लपवले गेले नाही. काही महापौरांनीच त्याला विरोध केला. आणि मग २०२० उजाडले, करोनामुळे हे समारंभच थांबवावे लागले. शेजारच्या स्वीडनमध्ये २०१८ साली कामगार न्यायालयापुढे उलटे प्रकरण आले. मुलाखतीला आलेल्या एका मुस्लिम तरुणीने पुरुषाच्या हातात हात न देता आपला हात हृदयावर ठेवला, तिची मुलाखत तिथेच संपवली गेली. न्यायालयाने कंपनीला तिला ४०,००० क्रोनर भरपाई द्यायला लावली.

अशा वादांत दोन्ही बाजूंना आपण समतेसाठी भांडतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटते. स्त्री-पुरुषांना सारखे वागवा, असे एक म्हणतो. माझ्या शरीराला कुणी हात लावावा हे मी ठरवीन, असे दुसरी म्हणते. मला स्वीडिश न्यायालयाचा कौल डॅनिश कायद्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांना सारखा मान मिळाला पाहिजे, हे मागण्याचा अधिकार कंपनीला आहे. तो मान अमुकच अवयवाने द्या, हे सांगण्याचा नाही. यावर कुणी म्हणेल, मग उद्या एखादा दलित सहकाऱ्याच्या हातात हात देणार नाही आणि धर्माचे नाव सांगेल, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर सुरुवातीला मांडलेल्या चार प्रश्नांकडे परत गेले की मिळते. जो एकालाच हात देत नाही, तो प्रतवारी करतो. जी परक्या पुरुषांपैकी कुणालाच देत नाही, आणि मान दुसऱ्या रीतीने देते, ती निदान पुरुषांपुरुषांत प्रतवारी करत नाही. स्त्री आणि पुरुष यांच्यात मात्र ती रेघ ओढते, हे मान्य करावे लागेल, आणि म्हणूनच हा वाद कुठल्याही निकालाने पुरता मिटलेला नाही.

आपल्या शहरांतल्या बदलांकडेही याच नजरेने पाहता येईल. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या अनेक माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नवा मुलगा वीस वर्षांनी मोठ्या वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारतो. सरकारी कचेरीत हे आजही अकल्पनीय आहे. पहिल्या नावाची ही समता खोटी नाही. त्या दालनात नवा अभियंता बैठकीत वरिष्ठाला चुकीचे ठरवू शकतो, तेव्हा संबोधन आणि नाते यांत फारशी तफावत नसते. पण ही रीत एका ठरावीक रेषेपर्यंतच चालते. चहा आणून देणारे 'काका' किंवा 'मामा' असतात, झाडलोट करणाऱ्या 'मावशी' असतात. त्यांना नात्याची हाक मिळते, पण त्यांच्याकडून मात्र कुणाला पहिल्या नावाने हाक जात नाही, तिथे 'सर' आणि 'मॅडम'च. आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक येणाऱ्या प्रत्येक मोटारीला सलाम ठोकतो. काही जण आत बसून मान हलवतात, बरेचसे फोनमध्ये पाहत असतात, आणि थायलंडच्या भिक्षूप्रमाणेच त्यांनाही कुणी उद्धट म्हणत नाही. हा सलाम रक्षकाच्या स्वभावाचा भाग नसतो. तो त्याला एजन्सीच्या प्रशिक्षणात शिकवलेला असतो आणि पर्यवेक्षक त्यावर लक्ष ठेवून असतो, तेव्हा तो बंद करणे त्याच्या हातात नाही. रक्षकांनी फाटकावर काय करावे हे एजन्सीशी करार करताना कंपनीला सांगता येते. दालनात एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारणाऱ्यांपैकीच कुणीतरी त्या करारावर सही करतो.